वाकड्या ओळीतली कोचई

हवाईले जाऊन माणूस काय खाते? आमच्या बुढ्यानं फुटाणे खाल्ले.

समुद्रामागं समुद्र वलांडून, विमानामागं विमान बदलून आमी त्या बेटावर पोचलो. जगातले लोकं पैसे जोडून तिथं जाते, खाते-पिते, वाळूत लोळते. अन् आमचा बुढा लेकीच्या घरात पलंगावर मांडी घालून खैरलांजीच्या बाजारातले फुटाणे चावत बसला. वरून मलेच म्हणते, "फुटाण्याले मीठ कमी हाये." मी म्हणलं, "समोर एवढा समुद्र पडला हाये, जा, बुचकळून आणा."

बुढा म्हणजे माहा नवरा. नवऱ्याचं नाव घ्याची आमच्यात रीत नाई. पण तिकडं माह्या लेकीचा सासरा, म्हणजे आमचा इवाई, दिवसभर "नथ्थू, नथ्थू" करत फिरे. त्यानं नाव समुद्रापार पोचवलं, तं आता मी एकटीनं कायले लपवू?

तं नथ्थू. बालाघाट जिल्ह्यातला धान पिकवणारा साधा माणूस, पण नेमाचा पक्का. शेजारणीनं वाटीभर भाजी देल्ली तं ती वाटी रिकामी वापस नाई जाऊ द्याचा, दोन लिंबं का होईना टाकन. कंडक्टरनं तिकीट नाई फाडलं तं उतरता उतरता भांडून फाडून घेईन, मंग सारी बस खोळंबली तरी चालते. लग्नात हाताले धरून कोणी बसवल्याबिगर पंगतीत नाई बसाचा. एकदा हाताले धरणारा कोणी आलाच नाई, तं उपाशी घरी आला अन् मले म्हणे, जेवण मोठं झ्याक होतं, वास चांगला येत होता.

अन् साऱ्या नेमाईचा राजा म्हणजे हा: लेकीच्या अंगणात लेकरू खेळत नाई तोवर बापानं लेकीच्या घरचं अन्नपाणी घ्याचं नाई. माहा सासरा लेकीच्या गावाले जाये तं गावाबाहेरच्या हापशीवर पोटभर पाणी पिऊन मंगच घरात पाय ठेवे. बुढ्यानं हे लहानपणी पाह्यलं अन् पदराले गाठ मारून ठेवलं. सुंभ जळला तरी पीळ जळत नाई म्हणतात, तो पीळ माह्या घरी जेवाले बसते.

आमाले एकच लेक, श्रुतिका. नागपुरात हॉटेलचं शिकली, मंग मोठ्या जहाजावर सैपाकाच्या कामाले लागली, अन् जहाज एक दिवस हवाईले थांबलं तं पोट्टी तिथंच उतरली. तिथल्याच हॉटेलात तिले मकोआ भेटला, तिथलाच मूळचा पोरगा, दरवाजाएवढा उंच अन् स्वभावानं गाय. लग्न त्याईनं तिथल्या कोर्टात केलं. आमी घरी ओसरीत बसून मोबाईलवर पाह्यलं. बुढ्यानं मोबाईल पाटावर ठेवला, त्याले हळद-कुंकू लावलं अन् अक्षता टाकल्या. तांदळाचा एक दाणा चार्जरच्या भोकात गेला, तो काढाले बालाघाटच्या दुकानात जा लागलं.

मंग श्रुतिका मांगंच लागली, या म्हणून. तिच्या सासऱ्याले आमच्यासाठी सारे नातेवाईक जमवून मोठं जेवण घालाचं होतं. तिनं तिकीट पाठवतो म्हणलं तं बुढ्यानं नाई म्हणलं, लेकीच्या तिकिटानं जाचं नाई. आमच्या वावराचा एक तुकडा सडकेत गेलता, त्याच्या मोबदल्यातून त्यानं तिकीट काढलं. अन् बॅगमध्ये काय भरलं? फुटाणे, मुरमुरे, चिवडा, लोणचं, आंबे, केळीचा घड. मी म्हणलं, "अजी, आपण लेकीकडं जाऊन राह्यलो का जंगलात?" तिथल्या विमानतळावर साहेबानं आंबे, केळी अन् लोणचं काढून घेतलं, तसा नेमच हाये त्याईचा. नेमाच्या माणसाले नेमवाला भेटला होता.

घरी पोचलो. इवाई केओकी अन् इहीणबाई दारातच फुलाईचे हार घेऊन उभे. इवाई माह्या बुढ्याहून दुप्पट, दाढी पांढरी, हसला का पोट हाले. त्यानं बुढ्याच्या कपाळाले कपाळ लावलं. बुढ्याले वाटलं टक्कर झाली, तो माफी मांगाले लागला.

संध्याकाळी जेवाले बसलो. मधात एक लाकडी भांडं, झाकण लावेल. श्रुतिकानं सांगतलं, "माय, यात पोई हाये. आपली कोचई हाये ना, तीच. उकडते, दगडानं कुटते, पाणी टाकून कालवते." मी म्हणलं, कोचई? आमच्या बाडीत मोरीच्या पाण्यावर जी आपोआप वाढते, जिले तुमी अळकुडी म्हणता, ती खाले आमी एवढ्या दूर आलो?

मंग इवाई बोलला अन् श्रुतिका सांगत गेली. त्याईच्यात कोचई म्हणजे घरातला मोठा भाऊ. त्याईच्या पयल्या माणसाच्या आधी ती जन्मली, तिनंच साऱ्याईले पोसलं. म्हणून पोईचं भांडं उघडं असलं का घरात कोणी भांडाचं नाई, टोचून बोलाचं नाई, मोठा भाऊ आयकून राह्यला असते. मी मनात म्हणलं, असं एक भांडं मले पाह्यजे, मी त्याचं झाकण विहिरीत टाकून देईन.

इवाईनं झाकण काढलं अन् भांडं पयले बुढ्यापुढं सरकवलं. बुढ्यानं दोन्ही हात जोडले, मान डोलवली, अन् जागेवरून उठला. बाहेर जाऊन वट्ट्यावर बसला अन् खिशातून फुटाणे काढले.

इवाईनं भांड्यावर झाकण ठेवलं अन् ते उचलून फळीवर ठेवून देल्लं. श्रुतिकानं विचारलं तं हळूच म्हणे, "नथ्थू ज्या दिवशी खाईन त्या दिवशी उघडू." मंग साऱ्याईनं भात खाल्ला. एका माणसाच्या नेमापायी त्याईच्या मोठ्या भावाले फळीवर बसा लागलं.

आता तुमी म्हणान, गोदाबाई, तू काय केलं? मी? मी दुसऱ्या दिवशी सकाळीच सैपाकघरात इहीणबाईजवळ जाऊन बसली. नेम बापाले हाये, मायचं कोणी काही बोललं नाई, अन् बोललं असलं तं मी तवा झोपेल असन. इहीणबाईनं माह्यासाठी वेगळी वाटी काढली. पोई म्हणजे कागद चिपकवाची खळ असते ना, तशी, फक्त जांभळी. कोचईले चिंच नाई टाकली तं घसा खाजवते, हे आमच्याकडं रांगत्या लेकरालेबी मालूम. म्हणून मी माह्या पिशवीत घरून आणलेली चिंच पयले गालात धरली अन् मंग बोट चाटलं. घसा नाई खाजवला. आंबट लागलं, आंबिलीवानी. दुसऱ्या बोटाले बरं लागलं. तिसऱ्या बोटाले मी चिंच थुकून टाकली.

मंग मी कायले थांबते. धोप्याच्या, म्हणजे कोचईच्याच, पानाईत मासा गुंडाळून वाफवते, त्याले लाउलाऊ म्हणते. आमी त्याच पानाले बेसन लावून वड्या करतो, ते अंदर मासा भरते, एवढाच फरक. नारळाच्या दुधाची पांढरी वडी, हौपिया, ती मी किती खाल्ली ते सांगत नाई. एक कच्चा मासाबी देल्ला, टमाटर-कांद्यात कालवेल. ना हळद, ना फोडणी, ना चुलीची ओळख. मी डोळे मिटून गिळला अन् इहीणबाईले म्हणलं, छान. खोटं बोलाले भाषा नाई लागत.

इकडं बुढ्याचे फुटाणे संपत आले. तो रोज दुकानात जाऊन आपल्या पैशाची केळी आणे अन् बगिच्यातल्या सरकारी नळावर पाणी पिये. मी म्हणलं, "लेकीच्या घरचा पंखा चालते, गादी चालते, मशीनमध्ये धोतर धुतलेलं चालते?" तं म्हणे, "ते पोटात नाई जात." वकील व्हाले पाह्यजे होता, उगाच धान लावत बसला.

पण हे हसणं माह्यापाशीच. एक दिवस मी श्रुतिकाले कपडे वाळवताना पाह्यलं तं तिचे डोळे लाल. म्हणे, "माय, बाबा अभी तक नाराज हैं क्या? मी न विचारता लग्न केलं म्हणून? मकोआचे बाबा विचारून राह्यले, आमचं अन्न त्याले घाण वाटते का. मी काय सांगू? साऱ्या नातेवाईकाईले बोलावलं हाये परवा. सारे बसतील अन् माहा बाप बाहेर फुटाणे खाईन?"

तिले मी नेम समजवून सांगतला. तिनं आयकला, पण तिच्या मनात नाई उतरला. म्हणे, "नेम मालूम हाये मले. पण राग नसता तं त्याईनं एक घास खाल्ला असता."

त्या दिवशी संध्याकाळी मी बुढ्याले घेऊन समुद्राकडं गेली. म्हणलं, "पोट्टी रडून राह्यली. तिले वाटते तुमी लग्नाचा राग धरून बसले."

"राग?" बुढा माह्याकडं पाहतच राह्यला. "कायचा राग? पोरगा चांगला हाये. मले आवडला."

"मंग खा ना दोन घास. काहून अडून बसले?"

तो वाळूत बोटानं रेघा वढाले लागला. मंग म्हणे, "श्रुतीची माय, पोरीच्या लग्नात बाप मांडव टाकते, जवायाचे पाय धुते, आंदन देते. मी काय देल्लं? मोबाईलवर तांदूळ टाकले. सैपाकाचा एक गंज नाई देल्ला मी माह्या पोरीले. न देता खाऊ कसा? मले लाज वाटते त्या ताटावर बसाची."

जन्मभर मी या माणसाले टोमणे मारत आली. त्या दिवशी माह्यापाशी त्याले द्याले एकबी टोमणा नोता. मी त्याच्या धोतराची वाळू झटकली, अन् मंग आमी घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी इवाई जेवणासाठी कोचई उपटाले आपल्या वावरात निघाला. बुढा म्हणे, मीबी येतो. आमी सारेच गाडीत बसून गेलो. तिथं जाऊन पाहतो तं काय, डोंगराच्या पायथ्याशी आमच्या धानाच्या बांध्यायवानीच बांध्या! पाणी भरेल, चिखल, मधात धुरे, म्हणजे मातीचे बांध, पाटातून पाणी एका बांधीतून दुसऱ्या बांधीत उतरून राह्यलं. फक्त धानाच्या जागी कोचई. बुढ्याचा चेहरा पाह्याजोगा झाला. त्यानं धोतर खोचलं अन् इवाईले न विचारता पाण्यात उतरला.

कोचई उपटाची, खालचा कंद घराले न्याचा, अन् वरचा दांडा कापून परत चिखलात लावाचा, असं ते काम. इवाईनं दांड्याईची एक मोळी बुढ्याच्या हातात देल्ली. इथं एक गोष्ट तुमाले सांगाले पाह्यजे. आमच्याकडं धानाचा रोवणा, म्हणजे लावणी, बायका करते. गडी चिखल करते, पऱ्ह्याच्या, म्हणजे रोपाईच्या, पेंढ्या फेकते, अन् मंग धुऱ्यावर उभा राहून बायकाईले शिकवते. आमच्या बुढ्यानं जन्मात कधी एक काडी रोवली नोती. धुऱ्यावरून बोंबलण्यात मात्र त्याचा हात कोणी धरला नाई.

आता तो खाली चिखलात वाकेल, अन् मी धुऱ्यावर उभी. असा दिवस देव एकदाच दाखवते. मी कमरेवर हात ठेवले अन् त्याचंच बोलणं त्याले वापस केलं, "अजी, ओळ वाकडी जाऊन राह्यली! हात चालवा, आभाळ येऊन राह्यलं! गप्पा माराले आणलं का तुमाले?" बुढ्यानं वर पाह्यलं अन् परत खाली वाकला. इवाईनं श्रुतिकाले विचारलं, ही काय म्हणून राह्यली? तिनं सांगतलं तं तो हसता हसता चिखलातच बसला.

ओळ खरंच वाकडी झाली. सुरू झाली डोंगराकडं अन् संपली सडकेकडं. बुढा म्हणे, काढून परत लावतो. इवाईनं त्याचा हात धरला अन् मान हलवली, राहू दे म्हणे.

दुपारी धुऱ्यावरच जेवण मांडलं. केळीचं पान, रताळं, वाळेल मासा. अन् मधात तेच लाकडी भांडं, झाकण लावेल. इहीणबाई घरून घेऊनच आली होती. साऱ्याईचे हात थांबले. इवाईनं झाकणावर हात ठेवला, पण उघडलं नाई. श्रुतिका पाठ करून डोंगराकडं पाहत उभी राह्यली.

बुढ्यानं पाटाच्या पाण्यात हातपाय धुतले. येऊन इवाईच्या बाजूले मांडी घातली. मंग म्हणे, "श्रुती, इकडं ये. तुह्या सासऱ्याले सांग. आमच्यात वावरात राबाले आलेल्या माणसाले मालक जेवाले घालते. ते पाहुणपण नसते, ते कमाईचं असते. आज मी याच्या बांधीत राबलो. हे लेकीच्या घरचं नाई, हे माह्या घामाचं हाये. त्याले नाई कसा म्हणू?"

श्रुतिकानं सांगतलं. सांगता सांगता तिचा आवाज फाटला. इवाईले किती समजलं देव जाणे, पण त्यानं झाकण उचललं.

बुढ्यानं बोटं बुडवली, तोंडात टाकली. सारे त्याच्या तोंडाकडं पाहून राह्यले. त्यानं गिळलं, मिशीले लागलं ते पुसलं अन् मले म्हणे, "मीठ कमी हाये." मंग जो सुटला तो भांड्याचं बूड दिसे तोवर. इतक्या दिवसाच्या फुटाण्याईवर पोई पडली होती. श्रुतिका त्याच्या बाजूले बसली, त्याच्याच भांड्यात बोट घातलं, अन् दोघं बापलेक खात राह्यले. मी डोळ्याले पदर लावला. धूर नोता, तरी म्हणलं धूर लागला.

दुसऱ्या दिवशीच्या मोठ्या जेवणालेबी बुढ्यानं आपला नेम सोडला नाई. सकाळीच कुदळ घेतली अन् मास भाजाचा खड्डा त्यानं खणून देल्ला. त्यात तपेल गोटे टाकते, वरून केळीचे खांब अन् पानं, अन् मंग माती लोटते. बुढ्याले वाटलं कोणाले गाडून राह्यले. पण खणला, म्हणे ही आजच्या जेवणाची कमाई. नातेवाईकाईत बोलणं झालं म्हणे, नथ्थूसारखा कामाचा पाहुणा नाई पाह्यला. त्याईले काय मालूम, तो जेवणाचं तिकीट फाडून राह्यला होता.

आमी घरी आलो. काही महिन्यानं श्रुतिकाले पोरगा झाला. आमी वावरात चिखलात उभे राह्यलो होतो तवाच ती दोन जिवाची होती, पण आमाले सांगतलं नोतं. म्हणे, सांगतलं असतं तं तुमी मले त्या धुऱ्यावर चढू देल्लं नसतं.

आमच्यात लेकराचं उष्टावण, म्हणजे पयला घास, मामा भरवते. मामा नसला तं आजा. श्रुतिकाले भाऊ नाई, तं मान बुढ्याचा. पण तवा आमचा रोवणा चालू, अन् सडकेचे पैसे तं पयल्याच फेरीत उडून गेलते. लेकीच्या तिकिटानं बुढा अजूनबी जाईना. उष्टावणाच्या दिवशी तो सकाळपासून तोंड पाडून बसला होता. पोरीलेबी फोनवर तेच म्हणला होता, पयले आंदन नाई, आता घासबी नाई.

मोबाईल वाजला. आमच्याकडं सकाळ, त्याईच्याकडं आदल्या दिवसाची संध्याकाळ. बुढा नेहमी म्हणते, हे लोकं आपल्यापेक्षा एक दिवस मांगं राहते, म्हणून त्याईले घाई नसते. मोबाईलमध्ये इवाई त्याच बांधीत उभा. बाजूच्या ओळी दोरीवानी सरळ, अन् मधात एकच वाकडी, डोंगराकडून सडकेकडं गेलेली. छातीएवढी वाढली होती. इवाईनं त्यातलीच एक कोचई उपटून साऱ्या चिखलासकट वर धरली अन् वरडला, "नथ्थू!"

थोड्या वेळानं श्रुतिकानं घरून परत फोन लावला. मांडीवर लेकरू. पुढं लाकडी भांडं, उघडं. तिकडं लेकराचा पयला घास पोईचाच असते. तिनं बोट बुडवलं अन् त्याच्या जिभेले लावलं. पोट्ट्यानं तोंड वाकडं केलं, मंग चाटलं, मंग तिचं बोट सोडेना.

"बाबा," श्रुतिका म्हणे, "तुमच्या ओळीची हाये. आज सकाळीच काढून, उकडून कुटली. उष्टावण तुमीच केलं."

बुढ्यानं मोबाईल पाटावर ठेवला, जसा लग्नाच्या दिवशी ठेवला होता. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"मंग पोट्टे," तो म्हणे, "आंदन पोचलं म्हणाचं का?"

"हौ बाबा," ती म्हणे, "पोचलं."